खरी अडचण मिठाची आणि जहाजाची
लेखात म्हटलंय की उपग्रह आल्यापासून समुद्रावरची आर्द्रता मोजणं सोपं झालंय. अर्धंच पटलं. उपग्रहाला हवेच्या अख्ख्या स्तंभातली वाफ बरी कळते; पाण्यालगतच्या दहा-वीस मीटरांतली वेगळी काढणं अवघड. आणि बाष्पीभवनाचा हिशोब नेमका तिथल्याच आकड्यांवर चालतो. म्हणून आजही जहाजं आणि बॉया (समुद्रात तरंगत ठेवलेली मोजणीची उपकरणं) लागतातच.

पण जहाज हीच मोठी भानगड! उन्हात तापलेलं लोखंड आजूबाजूची हवा गरम करतं. वारा मंद असेल तर तापमापी सहज एखादा अंश जास्त दाखवते, आणि उष्ण कटिबंधात समुद्र व हवा यांच्या तापमानात मुळात फरकच साधारण तेवढा असतो. म्हणजे चूक मोजमापाएवढी. यावर उपाय म्हणजे पंख्याने हवा खेचणारं, उन्हापासून झाकलेलं उपकरण, तेही वाऱ्याच्या बाजूला, डेकपासून शक्य तितकं लांब.

दुसरा शत्रू मीठ. आर्द्रता मोजायला बल्बभोवती ओली वात गुंडाळलेली तापमापी वापरतात; हवा जितकी कोरडी तितकी ती जास्त थंड होते. या ओल्या तापमापीच्या वातीवर मीठ साचलं की बाष्पीभवन मंदावतं, तापमापी हवी तेवढी थंड होत नाही आणि हवा आहे त्याहून दमट भासते. इलेक्ट्रॉनिक सेन्सरवरही मिठाचा थर साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर पाणी ओढून घेतो, आणि समुद्रावर तर ७५ टक्के रोजचीच. वात वरचेवर बदलणं, सेन्सर गोड्या पाण्याने धुणं ही कंटाळवाणी कामं लेखात एका ओळीत तरी यायला हवी होती.