हप्त्याची तारीख आणि पार्टीचे पेमेंट

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, माझ्या चुलत भावाचे छोटे वर्कशॉप आहे. दोन जुने लेथ, एक मिलिंग मशीन आणि चार कारागीर यांच्या बळावर पंपांचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग जॉबवर्कने करून देण्याचा हा धंदा काकांनी उभा केला, आणि त्यात आजवर एकही यंत्र कर्जाने आलेले नाही, हे ते अभिमानाने सांगतात. आता भावाला व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारे उभे मिलिंग यंत्र, घ्यायचे आहे. जीएसटी वगळून किंमत २५ लाख रुपये असून त्यांपैकी २० लाख बँक द्यायला तयार आहे. काकांचे म्हणणे असे की मुदत ठेव मोडावी, रोख भरावी आणि कोणाचे देणेकरी होऊ नये. गेले दोन महिने दांडिया बाजारातल्या घरून येणारा प्रत्येक फोन याच विषयावर येऊन थांबतो. मी अमेरिकेत ओहायोत एका मशीन शॉपचे हिशेब सांभाळते, म्हणून भाऊ पुनःपुन्हा विचारतो, "ताई, तुमच्याकडे तर सगळेच हप्त्यावर घेतात ना?"

घेतात, हे खरे आहे. पण ते का घेतात हे समजून न घेता त्यांचे उदाहरण उचलणे धोक्याचे आहे. अमेरिकेत यंत्रावरची करसवलतच अशी आहे की कर्जाने घेतलेल्या यंत्राचीही पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येते. आयकर कायद्याच्या कलम १७९ खाली अशा वजावटीची मर्यादा २०२५ साली २५ लाख डॉलर झाली, आणि १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या यंत्रांसाठी पहिल्याच वर्षी पूर्ण घसाऱ्याची, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी मिळणाऱ्या वजावटीची, तरतूदही परत आली. म्हणजे मालकाने पाच-सहा हप्तेच भरलेले असतात, पण कराची बचत पूर्ण किमतीवर होते. भारतात यंत्रावर साधारणपणे घटत्या किमतीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, आणि पहिल्या वर्षी यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी चालले तर त्याच्याही निम्मा. २५ लाखांच्या यंत्रावर पहिल्या वर्षी पावणेचार लाखांची वजावट आणि २५ लाखांची वजावट यांत जे अंतर आहे, तेवढेच अंतर त्या दोन मालकांच्या निर्णयांतही असायला हवे. शिवाय इकडे छोट्या कंपनीच्या कर्जावर मालकाला बहुधा वैयक्तिक हमी द्यावी लागते. मी पूर्वी ज्या शॉपमध्ये होते, तिथे २०२० साली ऑर्डरी आटल्या, हप्ते चालूच राहिले, आणि त्या वर्षाअखेर तीन यंत्रे लिलावात गेलेली मी पाहिली. त्या मालकाला कामाची जाण होती, गुणवत्ता होती. फक्त एका तिमाहीचे हप्ते झेलण्याइतकी रोकड हाताशी नव्हती. तो माणूस आठवला की काकांची भीती मला जुनाट वाटत नाही.

तरीही या वादात मी काकांच्या बाजूने नाही.

ठेव मोडून रोख भरली तर व्याज वाचते, हे उघड आहे. २० लाखांवर ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे ४३,५०० रुपये बसतो आणि एकूण व्याज सहा लाखांच्या आसपास जाते. पण ती ठेव म्हणजे नुसती बचत नव्हे, ते या वर्कशॉपचे खेळते भांडवल आहे. भावाच्या पार्ट्या, म्हणजे त्याला काम देणाऱ्या कंपन्या, पैसे ९० दिवसांनी देतात, कधी त्याहूनही उशिरा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, आणि २०२४ पासून उशीर करणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. पण कायम काम देणाऱ्या पार्टीवर तक्रार करायला छोटा कारखानदार धजत नाही. तेव्हा पगार, वीजबिल आणि टूलिंग यांचा खर्च तीन महिने स्वतःच्या खिशातून चालवावा लागतो. तो खिसा यंत्रात ओतून टाकला, तर चौथ्या महिन्यात बाजारातून दरमहा दीड टक्क्याने पैसे उचलावे लागतील, म्हणजे वर्षाला १८ टक्के. ११ टक्के वाचवण्यासाठी १८ टक्के भरणे हा काकांच्या सावधपणाला न शोभणारा सौदा होईल.

कर्ज घेणे म्हणजे घराण्याला कमीपणा, ही भावना मी समजू शकते, कारण मी त्याच घरात वाढले. पण ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० साली तांत्रिक शिक्षणासाठी कलाभवन काढले आणि १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन केली, त्या शहराला तरी उद्योगासाठीचे कर्ज परके वाटू नये.

भावाला मात्र मी याहून कडक प्रश्न विचारते. त्याच्या अंदाजाप्रमाणे व्हीएमसीला ताशी ४०० रुपये मिळतील. मग नुसता हप्ता भरण्यासाठी महिन्याला सुमारे ११० तास स्पिंडल फिरला पाहिजे, म्हणजे यंत्र कामात असले पाहिजे. एका पाळीचे २०० तास धरले तर अर्ध्याहून जास्त वेळ बँकेसाठी गेला. ऑपरेटरचा पगार, वीज, टूल, दुरुस्ती हे सारे उरलेल्या ९० तासांत, म्हणजे ३६ हजार रुपयांत बसवायचे, आणि ते बसत नाही. दुसऱ्या पाळीचे काम आधी हातात आहे का? "यंत्र आले की काम येईल," असे तो म्हणतो. माझ्या मते काम आधी आले पाहिजे, निदान त्याचा अर्धा भाग लेखी आला पाहिजे.

दुसरी काळजी व्याजदराच्या भाषेची. बँकेखेरीज एका वित्तसंस्थेने त्याला ९ टक्क्यांचा देकार दिला आणि तो हुरळून गेला. तो दर फ्लॅट होता. २० लाखांवर पाच वर्षे दरवर्षी पूर्ण मुद्दलावर ९ टक्के म्हणजे नऊ लाख व्याज आणि ४८,३३३ रुपयांचा हप्ता. घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर पावणेसोळा टक्क्यांच्या जवळ जातो. बँकेचे ११ टक्के त्यापुढे स्वस्त आहेत. पण तेही बदलत्या दराचे आहेत, आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला होता हे ध्यानात ठेवूनच सही करावी. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे थकीत कर्जाचे, ठरते. पार्टीचे पेमेंटही ९० दिवसांनीच येते, ही जुळणी मला सर्वांत जास्त घाबरवते.

म्हणून मी दोघांनाही एकच गोष्ट सुचवली आहे. यंत्र कर्जाने घ्यावे, पण २० ऐवजी १५ लाखांच्या. त्याचा हप्ता ३२,६०० रुपयांच्या आसपास येईल. वरचे १० लाख ठेवीतून घालावेत, आणि उरलेल्या ठेवीतले सहा हप्त्यांइतके दोन लाख वेगळ्या खात्यात बाजूला काढावेत, ज्यांना आजारपण असो वा लग्नकार्य, कोणी हात लावायचा नाही. मोजमापाची साधने, व्हाइस, टूल होल्डर यांसारखी किरकोळ खरेदी रोखीनेच करावी. जीएसटीची १८ टक्के रक्कम पुढे वजावटीत मिळेल, पण आधी हातातून जाईल, तिचीही सोय आजच मांडावी.

काकांनी यावर होकार दिलेला नाही, मात्र ठेवीची पावती काढून ती कधी पिकते हे पाहिले आहे. भावाने दोन पार्ट्यांकडे पुढच्या सहा महिन्यांच्या मालाचे वेळापत्रक लेखी मागितले आहे. एकीचे उत्तर आले आहे, त्यात महिन्याला साधारण ७० तासांचे काम भरते. दुसरीच्या उत्तराची वाट आहे.