पाऊण किलोमीटरच्या दगडालाही चंद्र असतो

डिंकिनेश या लघुग्रहाबद्दल एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: एवढ्याशा दगडाला चंद्र धरून ठेवण्याइतकं गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून नासाच्या लूसी यानाने दाखवलेला चंद्र बनावट. आधी एक चंद्र दाखवला, आठवड्याभरात दोन, हा त्याचा पुरावा. आणि ही जोडी म्हणे पृथ्वीकडे येते आहे.

गुरुत्वाकर्षण क्षीण आहे हे कबूल. पण तिथे त्याच्याशी झोंबायला आहे कोण? सूर्य सरासरी ३३ कोटी किलोमीटर दूर. डिंकिनेशचा अंमल शंभरेक किलोमीटरपर्यंत चालतो आणि सेलाम हा त्याचा चंद्र फिरतो अवघ्या ३.१ किलोमीटरवरून. अट एकच, सावकाश फिरायचं. सेलामला एका फेरीला ५२.७ तास लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम १० सेंटीमीटर. रांगणारं बाळ त्याला सहज मागे टाकेल. हा काळ आणि हे अंतर यांवरून डिंकिनेशची घनता काढली तर ती पाण्याच्या सुमारे २.४ पट येते, खडकाळ लघुग्रहाला शोभेल अशी. खोट्या चंद्राचा हिशेब इतका चोख जुळत नाही.

असे चंद्र नवेही नाहीत. इडा लघुग्रहाचा डॅक्टिल गॅलिलिओ यानाने १९९३ मध्येच टिपला. डिडिमॉस हा लघुग्रह आकाराने डिंकिनेशच्या जवळपास. २०२२ मध्ये नासाचं डार्ट यान मुद्दाम त्याच्या चंद्रावर आदळवलं, तेव्हा चंद्राच्या फेरीचा काळ अर्ध्या तासाहून जास्त घटला. पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी तो मोजला. चंद्रच नसेल तर घटलं काय?

आता एकाचे दोन कसे झाले ते. १ नोव्हेंबर २०२३ ला लूसी सुमारे ४३० किलोमीटरवरून, सेकंदाला साडेचार किलोमीटर वेगाने गेलं. अगदी जवळच्या चित्रात सेलामचे दोन गोळे एकामागे एक आले होते. सहा मिनिटांनंतरच्या चित्रात कोन बदलला आणि दोन्ही दिसले. ते चित्र पृथ्वीवर पोचलं मागाहून, इतकंच. चंद्र एकच आहे, एकमेकांना टेकलेल्या दोन गोळ्यांचा. प्रत्येक गोळा दोनशे मीटरहून थोडा मोठा. शिवाय डिंकिनेशचं तेज कमी-जास्त होताना पाहून मोहिमेच्या चमूला जोडीची शंका भेटीच्या आधीच आली होती. लघुग्रहाभोवती फिरणारा असा जोडगोळा मात्र पूर्वी कोणी पाहिला नव्हता. फसवायचंच होतं, तर शास्त्रज्ञांनाच कोड्यात टाकणारा चंद्र कोण कशाला रचेल?

राहिली धडक. तारीख मजकुरात नाहीच. डिंकिनेश मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहपट्ट्याच्या आतल्या भागात सव्वातीन वर्षांत एक फेरी मारतो. सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही तो २९ कोटी किलोमीटरवर असतो. पृथ्वी आहे १५ कोटींवर. मंगळाची कक्षासुद्धा तो ओलांडत नाही.