टाकी वाहतेय आणि म्हणे मेंटेनन्स तर तेवढाच येतो

आज सकाळी आमच्या सोसायटीची वरची टाकी परत ओव्हरफ्लो. पार्किंगमध्ये धो धो पाणी, आणि लोक पँट वर धरून त्यातून आपापल्या गाडीकडे चाललेत. मी पळत जाऊन मोटर बंद केली तर एक जण हसत म्हणतो, मॅडम एवढं काय, मेंटेनन्स तर तेवढाच येतो! डोकंच फिरलं माझं.

मी लातूरची. 2016 ला तिथेच होते. धनेगावचं मांजरा धरण कोरडं, नळ बंद, पाणी भरायच्या जागी मारामाऱ्या नकोत म्हणून 144 कलम लावलेलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. पुढे गल्लीत टँकर आला की काय व्हायचं ते कोण दाखवणार?

एका रात्री टँकर आला, सगळे झोपेतून उठून बॅरलपाशी. शेजारच्या भाभींना वाटलं पाइप आमच्या बॅरलमध्ये जास्त वेळ राहिला, त्यांनी तो ओढला, पाणी रस्त्यावर सांडलं, आणि माझी आई, जिने कधी कुणाला अरेतुरे केलं नाही ती, भर गल्लीत ओरडली, "घरात माणसं किती अन् बॅरल किती लावलेत बघा हिनं!" माझ्या जन्माआधीपासूनचा शेजार. त्या वर्षी ईदला शीरखुर्म्याचा डबा आला नाही.

भाषणात म्हणतात ना, दुष्काळ पाण्याचं मोल शिकवतो. कसलं काय. माणूस मोजायला शिकतो, आधी आपलं, मग शेजाऱ्याचं. टाकीला कुलूप लावतो. परातीत बसून अंघोळ, त्याच पाण्यात कपडे, मग तेच संडासला. पाहुण्याला पाणी विचारताना आवाज बारीक होतो. त्याच पावसाळ्यात धरण भरलं तरी आई अजून तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत जमवते, आणि कुणी नळ सोडून ब्रश करायला लागलं की तिचं बोलणं मधेच तुटतं. माझा नवरा सांगलीकडचा, कृष्णाकाठचा, तो याला कंजूषपणा म्हणतो. अरे बाबा, तुझ्याच गावाकडचं पाणी पिऊन निभावलं आम्ही!

आता कमेंटमध्ये कुणीतरी ऊस आणि कारखाने काढणारच. काढा. बरोबर आहे, माझ्या बादलीनं धरण भरत नाही, मान्य. पण म्हणून टाकी वाहू द्यायची का?

खरं सांगू, त्या पार्किंगवाल्याचा आता लिहिताना जरा हेवाच वाटतोय. पाणी वाहताना बघून ज्याच्या पोटात काहीच होत नाही, त्याच्या आईला कधी भाभींशी तसं बोलावं लागलं नसणार. पुढच्या वर्षी डबा आला हो. आईनं रिकामा न देता साखर घालून परत पाठवला. पाइपचा विषय मात्र आजपर्यंत दोघींपैकी कुणी काढलेला नाही.

असो. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, मोटरला ऑटो कट-ऑफ बसवायचा विषय मी मांडणार आहे, दरवेळी "पुढच्या मीटिंगला बघू" म्हणतात. बी विंगवाल्यांनो, या वेळी नुसते लाइक टाकू नका, हात वर करायला या.