सराफ्यातले मोमो आणि अमेरिकेचं तिकीट

"सराफा आपला वारसा आहे. तिथे मोमो, नूडल्सच्या गाड्या हव्यात कशाला?" दिवसा सोन्या-चांदीचा बाजार आणि रात्री खाऊगल्ली असलेल्या इंदूरच्या सराफ्यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर हा वाद काही केल्या थांबत नाही. सगळ्यात हिरिरीने दादा लिहितो. भुट्ट्याचा (मक्याचा) किस, गराडू (तळलेला कंद), दहीवडा, साबुदाण्याची खिचडी, जिलबी, रबडी एवढंच राहू द्या, बाकीच्यांना उठवा. मी विरोधात बोलले की त्याचं उत्तर तयार असतं: "तू तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस."

शिकवते, कारण इथे न्यू जर्सीत बसूनच काही गोष्टी मला दिसल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने 'देलिसियोसो' नावाची तिकिटं काढली. तमालेस, फ्लान, सांकोचो, एम्पनादास, चिली रेयेनो आणि सेविचे. मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिका, कॅरिबियन बेटं इथून आलेल्या माणसांनी सोबत आणलेले हे सहा पदार्थ. फॉरेव्हर, म्हणजे दर वाढले तरी चालणारी तिकिटं होती, मी घराच्या सोसायटीच्या चेकच्या पाकिटांवर लावून संपवली. त्याच वर्षी इथे सीमेवरच्या भिंतीची भाषा किती जोरात होती, हे मला दादाने सांगायला नको. आम्हीही तेव्हा व्हिसाच्या बातम्या धास्तीने वाचत होतो. तरीही सरकारच्या एका खात्याने छापून सांगितलं की हे जेवण आता आमचंही आहे.

आणि आपल्याकडे? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय डाक विभागाने खाद्यपदार्थांची २४ तिकिटं काढली. वडापाव होता, हैदराबादी बिर्याणी होती, आणि पोहे-जिलबीही होती. इंदूरच्या माणसाला आणखी काय हवं! दादा त्या तिकिटाचा अभिमान अजून बाळगतो. बाळगावाच. पण त्या बशीत आहे काय ते एकदा नीट बघावं. होळकरांच्या मागोमाग मराठी कुटुंबं माळव्यात आली, त्यांच्या घरात पोहे होते. आपल्या आज्यांचे कांदेपोहे फोडणीचे, वर खोबरं-कोथिंबीर. माळव्याने ते वाफेवर ठेवले, त्यात बडीशेप घातली, वर जिरावण हा माळवी मसाला भुरभुरला, शेव पेरली आणि शेजारी जिलबी ठेवली. ती जिलबी तर पश्चिम आशियातून चालत आलेली. उसळ-पोहे हे तर आपल्या दोन्ही घरांचं लेकरू. आपण इथे बाहेरून आलो, इंदूरने आपल्याला सामावून घेतलं, आणि आता आपणच दारात उभे राहून पुढच्याला अडवायचं?

दादाची यादीच घ्या. मका अमेरिका खंडातला, मेक्सिकोकडचा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. आपला उपवाससुद्धा त्यावर चालतो. मिरचीही तिकडचीच. किसात मिरची नको म्हणून दाखवावं कुणी.

गल्ली अरुंद आहे, सिलिंडर आणि गर्दीची भीती आहे, हे सराफांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मग नियम सगळ्यांना लावा, जुन्या दुकानांनाही. जागा किती, आग लागली तर वाट कुठली, यावर ठरवा. पदार्थाची वंशावळ काढून ठरवू नका.

भुट्ट्याचा किस मला इथे जमत नाही. इथला मका गोड, किसला की पाणी सुटतं, दुधात शिजवला तरी माळव्याची चव येत नाही. शनिवारच्या बाजारात एक बाई तमालेस विकतात. मक्याच्या पानात उकडलेलं ते गरम पीठ उघडलं की मी पर्समधून जिरावणाची पुडी काढते. न्यू जर्सीत मला इंदूर सगळ्यात जवळ येतं ते तिथे. दादाला हे कसं सांगू?

आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला मी शेव-बडीशेपेचे पोहे आणि जिलबी नेली, तर मुंबईच्या एका काकूंनी विचारलं, "तुम्ही मराठी की हिंदी?" पुण्याच्या नातेवाइकांनीही माझ्या मराठीला लहानपणापासून हेच विचारलंय. ऑफिसात मी इंडियन. घरच्या ग्रुपवर मी अमेरिकेची, म्हणून सराफ्यावर बोलायचा हक्क नसलेली. त्या तिकिटांचा मला एवढा आनंद झाला तो यासाठीच. उशिरा आलेल्यांनाही एखाद्या देशाच्या यादीत जागा मिळते, हे मला सरकारी कागदावर दिसलं. माझी अजून कुठल्याच यादीत पक्की झालेली नाही. दादा जेव्हा लिहितो "उठवा त्यांना", तेव्हा ते त्या मोमोवाल्या पोरांना असतं हे कळतं मला. तरी ते मला लागतं, आणि म्हणून मी गप्प बसणार नाही, त्याने कितीही वेळा "तू तिथली" म्हटलं तरी.