स्टार टू, स्टार टू

परवा राउंडला एका पेशंटच्या फाइलमध्ये जनुकीय चाचणीचा रिपोर्ट होता. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल चालू. रिपोर्टवर मुख्य ओळ एकच: सीवायपी२सी१९ *२/*२. फाइल मेडिकलच्या मुलांपुढे धरली. प्रिसिजन मेडिसिनची, म्हणजे रुग्णाची जनुकं बघून उपचार ठरवण्याची, व्याख्या सगळ्यांना पाठ, पण ती ओळ एकालाही वाचता आली नाही. एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, हे नॉर्मल आहे का?"

तिने विचारलं, याचं मला बरं वाटलं. चूक आम्हा शिकवणाऱ्यांची आहे.

क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. यकृतातली एन्झाइम्स, त्यातही मुख्यतः सीवायपी२सी१९ या जनुकातून बनणारं, त्याला कामाचं रूप देतात, मग ते रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना आवरतं. *२ म्हणजे जनुकाची निकामी प्रत. आईकडची आणि वडिलांकडची, दोन्ही प्रती तशा असल्या तर माणूस रोज न चुकता गोळी घेतो आणि संरक्षण मात्र तोकडंच मिळतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१० मध्येच औषधाच्या माहितीपत्रकात याचा ठळक इशारा घातला. मुलांना हे तुकड्यातुकड्यांत येत होतं: बायोकेमिस्ट्रीत एन्झाइम, फार्माकॉलॉजीत प्रोड्रग (शरीरात गेल्यावर सक्रिय होणारं औषध), मेडिसिनमध्ये स्टेंट. सांधून कोणी दिलंच नव्हतं.

प्रिसिजन मेडिसिन म्हटलं की मुलं कॅन्सर आणि त्यावरचं इमॅटिनिब हे औषध सांगतात. बरोबरच आहे. पण मलेरियावरचं प्रायमाक्विन देण्याआधी जी६पीडी या एन्झाइमची कमतरता बघायची, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि तेही याच घरातलं आहे, हे कोणी सांगितलेलं नसतं. फिट्सवरच्या कार्बामाझेपिनचं उलट. व्हायव्हात त्याचा दुष्परिणाम, कातडी सोलवटणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, धडाधड सांगतात. औषध सुरू करण्याआधी एचएलए-बी*१५:०२, म्हणजे हा धोका वाढवणारं जनुकाचं रूप, कोणात तपासायचं, असं विचारलं की शांतता. आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी एफडीएची ही सूचना २००७ पासून आहे. अंगभर कातडी सोलवटलेला पेशंट एकदा पाहिला की हा प्रश्न ऑप्शनला टाकायची हिंमत होत नाही.

म्हणून मला यासाठी वेगळा पेपर नको आहे. पाठांतराचा आणखी एक गठ्ठा होईल. औषध शिकवतानाच, पेशंटच्या खाटेशी हे यायला हवं: चाचणी कधी पाठवायची, रिपोर्ट कसा वाचायचा, आणि निगेटिव्ह आला तरी धोका शून्य होत नाही हे कसं सांगायचं.

त्या दिवशी कार्डिऑलॉजीशी बोलून औषध बदललं. पेशंटला समजावायचं काम त्याच मुलीला दिलं. छान सांगितलं तिने. मग त्यांनी विचारलं, "माझ्या मुलांनाही हे असेल का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. बोटांवर काहीतरी मोजून ती म्हणाली, "काका, तुमच्याकडून एक प्रत नक्की गेली असणार. दुसरी काकूंकडून कशी आली, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."