लिलाव जिंकला, आता पैसे पाठवा

वरखेडीच्या बैलबाजारात माणूस पैसे मोजण्याआधी बैलाचे दात बघतो, चालवून बघतो, खुरं उचलून बघतो आणि तरीही 'जरा थांबा, दादाला विचारतो' म्हणतो. तोच माणूस घरी येऊन मोबाइलवर जर्मनीतल्या लिलावात एका बंद पडलेल्या खिशातल्या घड्याळावर बोली लावतो. दात नाहीत, चाल नाही, दादालाही पत्ता नाही. बोली लावायला एक बोट पुरतं. पैसे पाठवायला मात्र अख्खा माणूस लागतो, आणि तो शाखेत हजर लागतो.

आधी रक्कम बघू. हातोडा १८० युरोला पडला म्हणजे १८० युरो द्यायचे, हा पहिला गोड गैरसमज. त्यावर लिलावघराचं खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन असतं. ते २५ टक्के धरलं तर ४५ युरो झाले. टपाल आणि विम्याचे २५ धरा. झाले २५० युरो, म्हणजे युरो शंभरच्या आसपास धरला तरी पंचवीस हजार रुपये. शिवाय चलन बदलून घेण्यावरही जीएसटी आहे. लाखापर्यंतच्या रकमेच्या एक टक्का, पण किमान २५० रुपये, एवढं मूल्य धरून त्यावर १८ टक्के. आपल्या पंचवीस हजाराला बरोबर ४५ रुपये. बँकेचं कमिशन आणि स्विफ्टचा, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्याचा, आकार वेगळा. या सगळ्यात सरकारचे ४५ रुपयेच सर्वांत निरुपद्रवी वाटतात.

आता शाखा. चोपडा, साक्री किंवा तळोद्याच्या काउंटरवर 'परदेशात पैसे पाठवायचेत' म्हणालात की समोरून प्रश्न येणारच, "पोरगं कुठे असतं भाऊ? कॅनडा का जर्मनी?" पोरगं घरीच आहे, घड्याळ घ्यायचंय, हे सांगितलं की पुढचा प्रश्न, "चालू आहे का?" नाही म्हटलं की साहेबांना हाक जाते. परकीय चलनाचं काम प्रत्येक शाखा करत नाही. फाइल जळगाव-धुळ्याच्या मोठ्या शाखेकडे नाहीतर थेट मुंबईला जाते. म्हणून घरून निघण्याआधी फोन करून 'हे काम कुठल्या शाखेत होतं' एवढं विचारावं. पॅन आणि लॉट नंबर, म्हणजे लिलावातला वस्तूचा क्रमांक, असलेलं बिल, एवढं सोबत हवंच.

बँकेच्या फॉर्मवर पैसे कशासाठी पाठवताय त्याचा कोड लिहावा लागतो. मालाचे पैसे आधी पाठवत असाल तर एस ०१०१, बिल चुकतं करत असाल तर एस ०१०२. बँकेच्या ॲपमध्ये मात्र पर्याय दिसतात ते भेट, शिक्षण, प्रवास आणि जवळच्या नातेवाइकाचा उदरनिर्वाह असे. माल दिसत नाही म्हणून लोक नातेवाईक निवडतात आणि फ्रँकफर्टचं लिलावघर एका क्षणात आपलं मामेभाऊ होतं. हसण्यावारी नेऊ नका. फॉर्मवर तुमची सही असते आणि ती खोटी माहिती ठरते. पर्याय नसेल तर शाखेतूनच पाठवा.

मग खातं. जर्मन आयबॅन, म्हणजे तिकडचा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, २२ अक्षरांचा असतो. सुरुवातीला डीई आणि पुढे सगळे आकडेच. त्यामुळे मध्ये 'ओ' दिसला तर तो शून्यच आहे, वाद घालू नये. बिलावर चार-चार अक्षरांनंतर जागा सोडलेली असते, फॉर्मवर सोडू नये. स्विफ्ट कोड ८ किंवा ११ अक्षरांचा, आणि आपला आयएफएससीही ११ अक्षरांचा, त्यामुळे चुकीच्या रकान्यात चुकीचा कोड अगदी गुण्यागोविंदाने बसतो. आयबॅनमध्ये डीईनंतरचे दोन आकडे तपासणीचे असतात. ९७ने भागून पडताळा घेतला जातो आणि टायपिंगची चूक बहुतेक वेळा पकडली जाते. चोर पकडला जात नाही, कारण चोराचा आयबॅनही नियमाप्रमाणे बरोबरच असतो.

स्विफ्टच्या जुन्या साच्यातल्या संदेशाला # चालत नाही, & चालत नाही, जर्मन अक्षरांवरचे दोन टिंबही चालत नाहीत. लॉटच्या आकड्याआधी # टाकू नका, सरळ 'लॉट २१४' इंग्रजी अक्षरांत लिहा. पत्त्याच्या जुन्या साच्यात ओळीला ३५ अक्षरं. 'मारुती मंदिराच्या मागे, जुन्या जिनिंगसमोर' यातला मारुती मावतो, जिनिंग वाहून जाते.

खरा तमाशा खर्च कोणी द्यायचा इथे होतो. पर्याय तीन. ओयूआर म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, एसएचए म्हणजे ज्याचा त्याचा, बीईएन म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. फॉर्मवर काही लिहिलं नाही तर बहुधा एसएचए पडतं. मग वाटेतली मध्यस्थ बँक आपला वाटा कापते आणि २५०पैकी, समजा, २३२ युरो पोहोचतात. लिलावघराचा अत्यंत सभ्य मेल येतो की १८ युरो कमी आहेत, ते आले की घड्याळ निघेल. आता १८ युरो पाठवायला पुन्हा कमिशन, पुन्हा स्विफ्टचा आकार, पुन्हा ४५ रुपये, आणि वाटेत तीच मध्यस्थ बँक बसलेली. म्हणून पहिल्याच वेळी ओयूआर लिहा, आणि लिहिलं आहे हे सही करण्याआधी स्वतः वाचा.

इथवर फक्त मनस्ताप झाला. पैसे जातात ते वेगळ्याच जागी. लिलाव संपल्यावर दोन दिवसांनी मेल येतो, 'आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, कृपया या नव्या खात्यात भरा.' भाषा तीच, लोगो तोच, मेलच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे. आयबॅन डीईऐवजी एलटीने, म्हणजे लिथुआनियाने सुरू होतो. अशा वेळी त्या मेलला उत्तर देऊन खात्री करू नये, चोर अगदी तत्परतेने खात्री देतो. लिलावघराच्या छापील कॅटलॉगमधला किंवा संकेतस्थळावरचा नंबर लावून आयबॅन एकेक आकडा वाचून घ्यावा. फोनचे पैसे पडतील, पडू द्या. एप्रिल २०२५पासून देशातल्या एनईएफटी-आरटीजीएसला खातेदाराचं नाव दिसायची सोय झाली, युरोपातही ऑक्टोबर २०२५पासून युरोच्या व्यवहारांना नाव ताडून बघतात. साक्रीहून निघालेल्या स्विफ्टला यातलं कुठलंच कवच नाही.

आणि विकणारा लिलावघर नसून एखाद्या साइटवरचा खासगी माणूस असेल, 'साइटची फी वाचवू, थेट खात्यात टाका' म्हणत असेल, तर बोलणं तिथेच थांबवावं. साइटवरूनच कार्डाने द्या. आंतरराष्ट्रीय वापर ॲपमधून चालू करावा लागतो, पण कार्डावर निदान वाद घालता येतो. खात्यात जमा झालेली स्विफ्ट परत मागायची तर घेणाऱ्याची संमती लागते, आणि चोर संमती देण्याच्या बाबतीत फार हळवा नसतो. फसलात तर त्याच तासाला बँक आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर, दोन्हीकडे फोन.

पैसे निघाल्यावर एक ते पाच कामाचे दिवस जातात, तिकडचे शनिवार-रविवार सोडून. घरात नाना अहिराणीत विचारत राहतात, "पैसा कथा गयात भो?", म्हणजे पैसे गेले कुठे भाऊ? त्याचं उत्तर यूईटीआर नावाच्या ३६ अक्षरांच्या क्रमांकात असतं. तो आणि संदेशाची प्रत बँकेकडे मागून घ्या. नव्या पद्धतीत संदेशाचं नाव बदललंय, पण काउंटरवर 'एमटी १०३ची कॉपी' म्हटलेलंच अजून कळतं.

पार्सलवर 'भेटवस्तू' लिहा, असा सल्ला विकणाऱ्याला देणारे हुशार लोक भेटतील. डिसेंबर २०१९पासून टपालाने किंवा कुरिअरने शुल्क न भरता भेट म्हणून माल आणायला मनाई आहे, सूट आहे ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीसोबतच्या भेटीलाही नाही, त्यामुळे घड्याळाला धागा बांधून उपयोग नाही. खरी किंमत लिहायला सांगा, सीमाशुल्क टपाल आणि विमा धरून लागेल ते भरा. त्या वेळी मिळणारा कस्टम्सचा कागद, कुरिअरचं बिल ऑफ एंट्री असो की टपालाचा मूल्यांकन फॉर्म, फेकू नका. माल आल्याचा पुरावा म्हणून बँक तोच मागते. मूळ प्रत दाखवा, झेरॉक्स द्या आणि झेरॉक्सवर शाखेचा शिक्का मारून पोच घ्या.