नाशिककर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार नाशिककर,

ब्रिटनमध्ये नवा धंदा काढणाऱ्यांसाठीच्या इनोव्हेटर फाउंडर व्हिसावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं असं: ५०,००० पौंड गुंतवण्याची अट गेली असं सांगून मी पोरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतो, एन्डॉर्समेंट, म्हणजे धंद्याच्या कल्पनेला व्हिसासाठी लागणारी मान्यता, देणाऱ्या संस्था नावीन्य मागतात त्यात साधा धंदा बसत नाही, कुटुंबाचा खर्च मी गाळला, तुमच्या भाच्याचा अर्ज फेटाळला गेला. आणि मग हे वाक्य: "तुमच्या वेळी पैसे मोजले की काम व्हायचं, तुम्हाला आजची धग काय कळणार?" जाता जाता 'दलाल' म्हणूनही घेतलंत. टोपणनावाआडून बोलायला काय जातं!

पैसे मोजले की काम व्हायचं? मी आणि माझा भागीदार टिअर वन आंत्रप्रेन्योर या उद्योजकांसाठीच्या जुन्या व्हिसावर आलो. तो २०१९ च्या मार्चमध्ये बंद झाला. त्याला दोन लाख पौंड दाखवावे लागत. दोघांच्या टीमला तेच दोन लाख चालत, म्हणून तर भागीदारी केली. त्यातला मोठा वाटा सासऱ्यांनी चाकणजवळची जमीन विकून उभा केला. पैसा दुसऱ्याचा असला की त्याचं डिक्लरेशन, वकिलाचं पत्र, बँकेचं पत्र असं सगळं लागायचं. सासऱ्यांचं नाव पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण आणि बँकेत नुसती आद्याक्षरं. हा एक माणूस आहे हे कागदावर सिद्ध करता करता आमच्या नाकीनऊ आले.

त्यात २०१३ पासून अर्जदार खरा उद्योजक आहे का, हेही तपासायला लागले होते. माझी मुलाखत झाली. समोरच्या बाईंनी व्यवसाय आराखड्याचं पान उघडून विचारलं, "पुरणपोळ्या फ्रोझन विकणार, मग फ्रीझर असलेल्या गाडीचं भाडं या हिशोबात कुठे आहे?" मी ते 'वाहतूक' या ओळीत धरलं होतं. ती ओळ फोडून, मैलाला किती, आठवड्याला किती फेऱ्या, सगळं तोंडी सांगावं लागलं. पुढे कायम वास्तव्यासाठी दोन स्थानिक माणसांना प्रत्येकी किमान वर्षभर पूर्णवेळ नोकरी दिल्याचं दाखवायचं होतं. एक मुलगा दहाव्या महिन्यात सोडून गेला तेव्हा मला झोप लागली नव्हती. हे पैसे मोजणं? तुम्हाला धगीबद्दल बोलायचंय ना, मग हे वाचा आधी.

आमची पुरणपोळी आजच्या निकषांवर 'नावीन्यपूर्ण' ठरली असती का, हा वेगळा विषय आहे, त्यात मी शिरत नाही.

५०,००० पौंडांचं म्हणाल, तर ती अट आधीच्या इनोव्हेटर व्हिसाला होती. १३ एप्रिल २०२३ ला इनोव्हेटर फाउंडर आला आणि ती गेली. यात खोटं काय? तुम्ही म्हणता ती मागच्या दाराने परत येते. तीन वर्षांनी कायम वास्तव्य मागताना सात निकषांपैकी कुठलेही दोन पूर्ण करायचे असतात. धंद्यात गुंतवून खर्च केलेले ५०,००० पौंड हा त्यातला एक. दहा पूर्णवेळ नोकऱ्या किंवा वर्षाला दहा लाख पौंडांची उलाढाल हेही पर्याय आहेतच की. सोपं आहे असं मी कुठे म्हटलं?

एक मान्य करतो, हेल्थ सरचार्जचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायच्या शुल्काचा, आकडा लेखात हवा होता. प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, अठराच्या आतल्या मुलाला ७७६, आणि तीन वर्षांचे एकदम. नवरा, बायको, एक मूल म्हणजे अर्जासोबतच ८,५३८. टाकला आहे.

आता दलालीचं. एन्डॉर्समेंटच्या तपासणीचे १,००० पौंड आणि नंतर धंद्याची प्रगती पाहायला होणाऱ्या किमान दोन भेटींचे प्रत्येकी ५०० थेट त्या संस्थेकडे जातात. मला त्यातून कुणी चहाही पाजलेला नाही. तुमची प्रतिक्रिया तशीच ठेवली आहे, फक्त 'दलाल' म्हणणारी ती एक ओळ उडवली. ब्लॉग माझा आहे, तेवढं चालायचं.

भाच्याचं वाईट वाटलं, खरंच. पण तो राग माझ्यावर का? नकाराचं पत्र तुमच्याकडे आहे म्हणता, तर नाव-पत्ता झाकून पाठवा. कारणांसकट इथेच छापतो.